वही परत करायला निघालेला मुलगा

प्रश्न इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा आहे. त्यांच्या घरी ‘किल्ला’ तीनदा पाहून झालाय. मुलगी १३ वर्षांची, मुलगा १० वर्षांचा. त्या विचारतात, ‘तुम्ही इतकी वर्षं मुलांना सिनेमे दाखवताय. लहानपणच्या मैत्रीवरचा, मुलं मोठी होण्यावरचा तुमचा सगळ्यात आवडता सिनेमा कोणता, आणि का? तो मराठी-हिंदीत नसेल तर आमची मुलं बघतील का? धाकट्याला मारामारी नसली की दहा मिनिटांत कंटाळा येतो.’

ताई, नाव आधी सांगते, कारणं मागून. अब्बास कियारोस्तामी या इराणी दिग्दर्शकाचा १९८७ सालचा सिनेमा, ‘खाने-ये दूस्त कोजास्त?’ म्हणजे ‘मित्राचं घर कुठे आहे?’ साधारण ८३ मिनिटांचा. त्यात मारामारी नाही, गाणी नाहीत, कुणी मरत नाही. गेली २२ वर्षं मी इंदुरात मुलांना सिनेमे दाखवतेय. शाळांमधून, मंडळांच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात, एकदा तर एका वाड्याच्या चौकात दोरीवर पांढरी चादर टांगून. या सगळ्या सिनेमांतून एकच जवळ ठेव म्हणालात तर मी हाच ठेवीन. त्याआधी १२ वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण हा सिनेमा मला खऱ्या अर्थाने कळला तो वह्या तपासणारी बाई म्हणून.

गोष्ट एवढीशीच आहे. उत्तर इराणमधलं कोकेर नावाचं खेडं. वर्गात मास्तर गृहपाठ तपासताहेत. मोहम्मद रेझा नेमतझादे नावाच्या मुलाने गृहपाठ वहीत न लिहिता सुट्या कागदावर लिहून आणलाय. मास्तर तो कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडतात आणि बजावतात, हे तिसऱ्यांदा होतंय, पुन्हा असं केलंस तर शाळेतून नाव काढीन. पोरगं मान खाली घालून रडतं. शेजारी बसलाय अहमद, आठेक वर्षांचा, मोठ्या डोळ्यांचा, आणि तो नुसता बघतोय. शाळा सुटल्यावर धावताना मोहम्मद रेझा पडतो. अहमद त्याचं सामान गोळा करून देतो, नळावर नेऊन त्याची पँट धुऊन देतो. घरी येऊन आपलं दप्तर उघडतो तर आत दोन वह्या. दोन्हींचं वेष्टण सारखंच. एक आपली, एक मित्राची.

आता उद्या सकाळी मोहम्मद रेझाकडे वही नसणार. म्हणजे त्याला शाळेतून काढणार. आणि तो राहतो डोंगरापलीकडच्या पोश्ते गावात. कुठल्या घरात, ते अहमदला ठाऊक नाही.

पुढचा सगळा सिनेमा म्हणजे एका मुलाने एक वही परत करायला केलेली धावाधाव. एवढंच. आणि तरीही तुमच्या धाकट्याला कंटाळा येणार नाही असं मी म्हणतेय, कारण दहा वर्षांच्या मुलाला यात काय पणाला लागलंय ते आपल्यापेक्षा लवकर कळतं. उद्या वही नसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. आपण मोठी माणसं ‘एका वहीचं काय एवढं’ म्हणून बघायला बसतो आणि पहिली वीस मिनिटं गमावतो.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट माझ्या ध्यानात यायला बरेच खेळ लागले. मैत्रीवरच्या या सिनेमात दोन मित्र एकत्र असतात ते फक्त सुरुवातीला आणि अगदी शेवटी. मधे जवळजवळ सगळा वेळ मित्र पडद्यावर नसतोच. खेळणं नाही, गळ्यात हात टाकून हिंडणं नाही, शपथा नाहीत. मैत्री दिसते ती अहमदच्या पायांत. डोंगरावर चढणारी नागमोडी वाट आणि माथ्यावर एकच झाड, हे दृश्य तुम्ही एकदा पाहिलंत की विसरणार नाही. त्या वाटेने तो धावत वर जातो, झाडापासून पलीकडे उतरतो, परत येतो, पुन्हा जातो. मित्र बघत नसताना मित्रासाठी केलेलं काम. मोठं होणं मी यालाच मानते, आणि इतक्या स्वच्छपणे ते दाखवणारा दुसरा सिनेमा मला भेटलेला नाही.

‘किल्ला’ तुमच्या मुलांना इतका का आवडला, याच्याशी याचा संबंध आहे. अविनाश अरुण यांच्या त्या सिनेमात अकरा वर्षांचा चिन्मय वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, बंड्या आणि त्याच्या टोळीत शिरतो, आणि मग किल्ल्यावर भर पावसात ती पोरं त्याला मागे टाकून निघून जातात. मी तो दाखवते तेव्हा त्या ठिकाणी हॉलमध्ये एकही पोर हलत नाही. मोठ्यांना समुद्र आणि पाऊस लक्षात राहतो, मुलांना ते एकटं पडणं. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं ते मुलांच्याच परीक्षक मंडळाकडून, याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही. कोकण कधी न पाहिलेल्या पोरांनाही मित्रांनी टाकून जाणं ओळखीचंच असतं. ‘किल्ला’ विचारतो, मित्र सोडून गेले तर मी काय करायचं. कियारोस्तामींचा सिनेमा त्याच्या उलट बाजूने येतो. तिकडे मित्र एकटा पडलाय, मग मी काय करायचं? एकापाठोपाठ एक पाहिले तर मुलं हा धागा स्वतःच पकडतात.

आता मोठ्यांविषयी. या सिनेमात वाईट माणूस असा कुणी नाही. फक्त ऐकणारं कुणी नाही. अहमद आईला सांगतो, मी चुकून मित्राची वही आणलीय, ती परत द्यायला हवी. आई अंगणात कपडे धुतेय. ती म्हणते, आधी गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो. ती म्हणते, बाळ रडतंय, त्याच्याकडे बघ. तो पुन्हा तेच, त्याच शब्दांत, त्याच पट्टीत सांगतो. तिला वाटतं, याला खेळायला जायचंय, निमित्त शोधतोय. या प्रसंगात दरवेळी मुलं हसायला लागतात, मग हसणं हळूहळू थांबतं. एकदा मागच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, ‘हे तर आमच्या घरीच चाललंय.’ त्यादिवशी तिची आईही हॉलमध्ये होती.

मग आजोबा. गावात ओट्यावर बसलेत. अहमद धावत जाताना दिसतो तर त्याला थांबवून घरून सिगारेटी आणायला पिटाळतात. तो गेल्यावर शेजारचा म्हातारा स्वतःची सिगारेट पुढे करतो तेव्हा कळतं की आजोबांच्या खिशात सिगारेटी आहेतच. पोराला सांगितलेलं ऐकायची सवय लागावी म्हणून धाडला. पुढे ते अभिमानाने सांगतात, माझे वडील मला आठवड्याला एक नाणं द्यायचे आणि पंधरवड्याला एकदा मार. नाणं कधी विसरायचे, मार कधीच विसरले नाहीत. इंदूरच्या जुन्या गल्ल्यांतल्या कुठल्याही ओटल्यावर हे वाक्य मराठीत ऐकू येईल, आणि म्हणणारे आजोबा मनाने वाईट नसतील. कियारोस्तामी त्यांना खलनायक करत नाहीत. कॅमेरा शांतपणे त्यांच्यासमोर बसून राहतो, आणि ते जे म्हणताहेत ते आपल्या कानात उतरू देतो.

याच ठिकाणी लोखंडी दरवाजे विकणारा एक माणूस येतो. त्याला व्यवहार मांडायला कागद हवाय. अहमदच्या हातात वही दिसते. तो ती मागतो. अहमद म्हणतो, ही माझी नाही. माणूस ऐकत नाही, वही घेतो, पान फाडतो.

ताई, हा क्षण तुम्ही तुमच्या मुलांकडे बघत पाहा, पडद्याकडे नको. मी असंख्य वेळा पाहिलाय. पान फाटतं त्या आवाजाला पोरं बाकावर पुढे सरकतात. एका खेळाला एक सात-आठ वर्षांचा मुलगा उभा राहून ओरडला होता, ‘अरे भिया, उसकी नहीं है कॉपी!’ कुणी हसलं नाही. आपण ज्याला साधं कोरं पान समजतो, ते त्या मुलांच्या लेखी एका मित्राचं शाळेतलं नाव होतं, आणि ते एका माणसाने हिशोबासाठी फाडून घेतलं.

इथे मला माझं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय उत्तर अर्धं राहील. मीही कागद फाडलेला आहे. शिकवायला लागून तिसरं वर्ष असेल. चौथीतल्या एका मुलीने पाढे सलग दोनदा पाठकोऱ्या कागदावर लिहून आणले. मी कागद फाडून टोपलीत टाकला आणि वही आणल्याशिवाय वर्गात बसू नकोस म्हणाले. ती रडली नाही, म्हणून मला ती निगरगट्ट वाटली. पुढे सहामाहीनंतर तिच्या धाकट्या भावाच्या वर्गात बदली तासाला गेले, तर त्याच्या वहीच्या पहिल्या दहा पानांवर तिचं अक्षर. एक वही दोघांत होती आणि त्या आठवड्यात ती त्याच्याकडे होती. मी तिला बोलावून माफी मागितली. ती म्हणाली, ‘राहू दे बाई.’ मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मास्तरांनी कागद फाडल्यावर मला पुढचं काही मिनिटं दिसलंच नाही.

आता दारांविषयी. अहमद दुसऱ्यांदा पोश्तेला पोचतो तोवर अंधारायला लागलंय. एका खिडकीतून एक म्हातारा सुतार त्याच्याशी बोलतो. गावातली लाकडी दारं-खिडक्या आपण केल्या, असं तो सांगत राहतो. आता लोक ती काढून लोखंडी बसवतात. तो अहमदला घर दाखवायला बरोबर निघतो, पण हळूहळू चालतो, थांबतो, बोलतो, वाटेत हात-तोंड धुतो, आणि त्याला एक छोटं फूल देतो, वहीत ठेव म्हणून. अहमदला घाई आहे. कुत्री भुंकताहेत. जुन्या खिडक्यांच्या नक्षीतून उजेड भिंतींवर पडलाय. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, हे इंदूरच्या पोरांना ठाऊक असतं. १९८४ च्या आगीत तो कसा जळला ते आजी-आजोबांनी सांगितलेलं असतं. म्हणून मी या प्रसंगाआधी एवढंच सांगते, ‘दारं बघा.’ दुसरं काही नाही. मुलांना दारं दिसायला लागली की सुतारही दिसतो. सगळ्या सिनेमात अहमदबरोबर चालणारं मोठं माणूस हे एकच, आणि तेही त्याला धावू देत नाही, ही गंमत मोठ्या मुलांच्या ध्यानात येते.

म्हातारा त्याला ज्या घरापाशी आणतो ते घर चुकीचं असतं. अहमद मघाशीच तिथे येऊन गेलाय. तो वही शर्टाच्या आत खुपसतो आणि परत फिरतो. म्हाताऱ्याला त्याची चूक दाखवत नाही. माझ्या लेखी अहमद मोठा होतो तो इथे, वर्गात नव्हे. सकाळपर्यंत त्याला एकच गोष्ट कळत होती, की वही पोचली पाहिजे. आता त्याला हेही कळतं की मदत करायला निघालेल्या म्हाताऱ्याचं मन सांभाळायला हवं. कुणी शिकवलेलं नसतं हे. तुमच्या मुलीला हे दिसतं का, ते बघा. दहा वर्षांच्याला बहुधा नाही दिसणार, आणि घाईही नाही.

शेवट सांगून टाकते. या सिनेमाला शेवट माहीत असल्याने काही बिघडत नाही. रात्री अहमद जेवत नाही. वाऱ्याने दार धाडकन उघडतं, बाहेर आई दोरीवरचे कपडे गोळा करतेय. तो जमिनीवर बसून लिहितोय. दुसऱ्या दिवशी वर्गात मोहम्मद रेझा जीव मुठीत धरून बसलाय, अहमदची जागा रिकामी. मास्तर एकेक वही तपासत येताहेत. अहमद उशिरा येतो, वही मित्रापुढे सरकवतो आणि सांगतो की तुझाही गृहपाठ मी लिहिलाय. मास्तर मोहम्मद रेझाची वही उघडतात. पानांत ते फूल. शाबासकी देतात, पुढे जातात.

यावर दर दोन-तीन खेळांमागे एक तरी पालक मला गाठतात: हा सिनेमा मुलांना नक्कल करायला शिकवतो, मास्तरांना फसवायला शिकवतो. मी हा प्रश्न कधीच हसण्यावारी नेत नाही, कारण १२ वर्षं मीच तो विचारला असता. पण सिनेमात दोन खोटेपणा शेजारी ठेवलेत. खिशात सिगारेटी असताना आजोबा नातवाला सिगारेटी आणायला धाडतात. त्यामागे हेतू एवढाच की पोराने प्रश्न न विचारता ऐकावं. आणि अहमद दुसऱ्याच्या वहीत लिहितो, कारण दुसरा कुठलाच रस्ता कुणी त्याला मोकळा ठेवला नाही. त्याने आईला खरं सांगितलं, एकदा नाही, पाच-सहादा. वाटेत जो भेटला त्याला खरं सांगितलं. खरं ऐकून घेणारं एकही माणूस मिळालं असतं तर त्याला खोटं करावं लागलं नसतं. मुलगा खोटं बोलला म्हणून चिडलेल्या आई-वडिलांना मी विचारते, त्याआधी तो खरं किती वेळा बोलून गेला होता? मला वाटतं, हा सिनेमा आपण मुलांना दाखवतो खरा, पण त्याची जास्त गरज आपल्याला असते.

तुम्ही भाषेचं विचारलंत. सिनेमा फारसीत आहे, आणि फारसी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. मित्राची वही म्हणजे फारसीत ‘दफ्तर’. आपल्याकडे आल्यावर तो शब्द सरकारी कागदांवर बसला, मग शाळेच्या पिशवीवर जाऊन बसला आणि ‘दप्तर’ झाला. अहमद सिनेमाभर ‘दफ्तर, दफ्तर’ करत असतो आणि पाचव्या मिनिटाला मुलं आपसांत कुजबुजतात, ‘दप्तर म्हणतोय!’ ‘खाने’ म्हणजे घर. आपला दवाखाना, कारखाना, इंदुरातला तोपखाना, सगळे त्याच खान्यातले. ‘दूस्त’ तर सांगायलाच नको. नावातला एक ‘कोजास्त’ सोडला, म्हणजे ‘कुठे आहे’, की मुलांना नाव पाठ होतं. हे सिनेमाआधी पाच मिनिटांत सांगून टाका. परक्या भाषेची भिंत निम्मी उतरते.

उरलेली निम्मी सबटायटलची. दहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी सबटायटल वाचत सिनेमा बघणं जमत नाही. तो वाचतो तरी किंवा बघतो तरी. मी माइक घेऊन मराठीत बोलत जाते, पण प्रत्येक वाक्य नाही. संवाद पुष्कळदा तेच ते आहेत, दहा वाक्यांतलं एक सांगितलं तरी पुरतं. तुमच्याकडे सोय आयती आहे. थोरलीला आधी एकटीला दाखवा आणि मग धाकट्याला तिने सांगावं. बहिणीने भावाच्या कानाशी बसून हा सिनेमा मराठीत सांगितलेला मी दोन घरांत पाहिलाय, आणि माझ्या माइकपेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. तिने आवाज बदलून सांगायचा मोह टाळावा, एवढंच. सरळ सांगावं.

हा सिनेमा कुठून आला तेही थोडं सांगते, मुलीला आवडेल. कियारोस्तामी तेहरानच्या ‘कानून’ या संस्थेत काम करत. इथे हा शब्द कायद्याचा कानून नाही. फारसीत तो वेगळा लिहितात आणि अर्थ आहे केंद्र. मुलांच्या आणि किशोरांच्या बौद्धिक वाढीसाठी ती संस्था स्थापन झाली, तिच्या सिनेमाविभागाची सुरुवात करण्यात कियारोस्तामींचा हात होता, आणि १९७० सालचा त्यांचा पहिला छोटा सिनेमाही एका मुलाचा आणि गल्लीत आडव्या आलेल्या कुत्र्याचा आहे. मुलांसाठी सिनेमे करता करता हा माणूस जगातला मोठा दिग्दर्शक झाला, मुलांचे सिनेमे ‘सोडून’ नव्हे. ‘मित्राचं घर कुठे आहे’ हे शब्द सोहराब सेपेहरी या कवीच्या एका कवितेतले. त्या कवितेचं नाव ‘नेशानी’, म्हणजे पत्ता. आपली ‘निशाणी’ त्याचीच बहीण. १९८९ मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात या सिनेमाला कांस्य बिबळ्या हा पुरस्कार मिळाला आणि कियारोस्तामींचं नाव इराणबाहेर गाजू लागलं.

अहमद आणि मोहम्मद रेझा झालेली मुलं त्या भागातलीच, खरीखुरी सख्खी भावंडं, अहमदपूर आडनावाची. जून १९९० मध्ये तिथे प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं गेली, गावंच्या गावं कोसळली. कियारोस्तामी मुलांच्या शोधात निघाले, आणि त्या शोधावर त्यांनी १९९२ मध्ये वेगळा सिनेमा केला. त्यात एक दिग्दर्शक आपल्या लहान मुलाला गाडीत घेऊन निघतो, पडलेल्या घरांमधून वाट काढत विचारत जातो, आणि सिनेमा संपेपर्यंत ती दोघं त्याला भेटत नाहीत. म्हणजे आता तोच माणूस मित्राचं घर शोधतोय. हॉलमधली मुलं हमखास विचारतात, ‘मग ती मेली का?’ नाही, दोघं वाचली. त्यानंतरच्या सिनेमात दिसतातही. हे मी लगेच सांगते, ताणून धरत नाही. तुम्हीही लगेच सांगा.

बाकीच्यांचं थोडक्यात. ‘विहीर’ हा उमेश कुलकर्णींचा सिनेमा मला फार जवळचा आहे, समीर आणि नचिकेत या नात्यातल्या दोन भावांचा. पण त्यात मृत्यू आहे आणि त्यानंतरची दीर्घ पोकळी आहे. मुलगी १५ची होऊ दे, आणि तिच्याबरोबर तुम्ही बसा. ‘फँड्री’ मैत्रीपेक्षा जातीच्या चटक्याचा सिनेमा आहे, जब्या आणि पिऱ्याची दोस्ती त्यात सुरेख आहे, तो नववी-दहावीत जरूर. पुष्कळजण अमेरिकेतल्या ‘स्टँड बाय मी’चं विचारतात, १९८६ सालच्या. बाराएक वर्षांची चार मुलं रेल्वेच्या रुळांवरून एका मेलेल्या मुलाचं प्रेत शोधायला निघतात. चांगला आहे, पण तो मोठा झालेला माणूस मागे वळून सांगतोय. हुरहूर आहे ती आपल्या वयाच्या लोकांची. भाषाही शिवराळ आहे. मुलांना हुरहूर लावायची मला घाई नसते. अहमद मागे वळून काही सांगत नाही, त्याची आज संध्याकाळ चालू आहे.

सिनेमा झाल्यावर तात्पर्य विचारू नका. ‘काय शिकलास?’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. विचारला की पोरं शाळेतली उत्तरं देतात. मी प्रत्येकाला एक कोरा कागद देते आणि सांगते, तुमच्या घरापासून तुमच्या मित्राच्या घरापर्यंतची वाट काढा. बोलायचं नाही, नुसतं काढायचं. गेल्या कित्येक वर्षांचे असे कागद माझ्याकडे एका ट्रंकेत आहेत. लोकमान्य नगर, बक्षी गल्ली, जुनी इंदूर इथल्या मुलांच्या कागदांवर पिठाची चक्की असते, पिंपळ असतो, ‘इथे कुत्रा चावतो’ असं बाणासकट लिहिलेलं असतं, रागावणाऱ्या आजोबांचा ओटला असतो. टाउनशिपमधल्या मुलांच्या कागदांवर गेट, गार्ड, लिफ्ट, सातवा मजला. आणि अलीकडे काही कागद कोरे परत येतात. मागच्या डिसेंबरात एका मुलाने कोऱ्या कागदावर फक्त दोन चौकोन काढले, एकात स्वतःचं नाव, एकात मित्राचं, मधे काहीच नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘आई कारने सोडते, मला रस्ता माहीत नाही. आम्ही रोज गेममध्ये भेटतो.’ त्याला मित्र होता, मित्राचं घर ठाऊक नव्हतं. मी त्याला काही बोलले नाही, कागद ट्रंकेत ठेवला. दोन आठवड्यांनी तो स्वतःहून आला आणि म्हणाला, माझा कागद द्या, आता काढतो. बाबांबरोबर चालत गेला होता. मधल्या जागेत त्याने एक नाला, एक मेडिकलचं दुकान आणि एक बंद पडलेला ट्रॅक्टर काढला. ट्रॅक्टरला सगळ्यात जास्त वेळ घेतला, मागची चाकं मोठी यायला हवीत म्हणून दोनदा खोडलं.

तर, ताई, रविवारी दुपारी लावा, रात्री नको. रात्री धाकटा झोपेल. फोन दुसऱ्या खोलीत. मधे थांबवायचाच झाला तर पान फाटल्यावर थांबवा, त्याआधी नको. पहिल्या दहा मिनिटांत मुलगा वर्गात रडतो, तेव्हा तुमचा धाकटा अस्वस्थ झाला तर त्याला जवळ घ्या, पण सिनेमा चालू राहू द्या. आणि शेवटी वहीत ते फूल दिसतं, त्यावर चित्र थांबतं. तिथे लगेच रिमोट उचलू नका. फूल लहान आहे, बघायला वेळ लागतो.